अर्धी शिवी

आमच्या आष्टीत एखाद्याला टोपणनाव चिकटायचं असेल तर ते माझ्या सासूबाईंच्या तोंडून एकदा निघावं लागायचं. पुढचं काम गाव करायचं. ग्रामपंचायतीच्या एका शिपायाला त्या भांडणात ‘ओलं सरपण’ म्हणाल्या, त्याला आता बारा वर्षं झाली. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्याचं खरं नाव छापून आलं, तेव्हा निम्मं गाव विचारत होतं की हा पाहुणा कोण.

सासूबाईंचं नाव पुष्पाबाई. नाव ठेवणाऱ्यानं फूल बघितलं, काटे बघायचे राहिले, असं माझे सासरे कारभारीमामा म्हणायचे, पण त्या गोठ्यात गेल्यावर म्हणायचे. मी त्यांना मामी म्हणते. सहा वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावहून लग्न होऊन आले, उंबऱ्यावरचं माप जरा जोरात लवंडलं, आणि मामी सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या, “तांदूळ काय तुझ्या बापानं पेरलेत का गं, अवदसे?” त्या दिवसापासून मी अवदसा. राग असला की सटवी आणि फारच राग असला की टवळी. बी. ए. झालेली आकांक्षा फक्त रेशन कार्डावर उरली.

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी आता घेते. कडूबा. बसस्टँडसमोर त्याचं पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार काढायची, नवी गुंडाळायची, असं काम. बोटांना कायम तांब्याच्या तारेचे चिरे असायचे. मामी त्याला कडूबासुद्धा म्हणत नसत. ऊठ रे मुडद्या, खाय रे मुडद्या, मुडद्या, दुकानाला उशीर होऊन राह्यला. आता मेल्या, मुडद्या हे आमच्याकडच्या सगळ्याच आयांच्या तोंडी असतं आणि ते कुणी मनावर घेत नाही. पण बाकीच्या आया दिवसातून एखाद्या वेळी तरी बाळा म्हणतात. मामींकडं दुसरा शब्दच नव्हता. कडूबाही ‘आलो माय’ म्हणून उठायचा. मला मात्र अंगावर काटा यायचा. एकदा मी सासऱ्यांपाशी बोलले, की मामा, हे ऐकवत नाही.

मामांनी तंबाखू थुंकली आणि हळू आवाजात सांगितलं. कडूबाच्या आधी दोन मुलगे झाले होते. एक दोन वर्षांचा होऊन गेला, दुसरा पाच महिन्यांचा. “दोघायला लई मिरवायची ती,” मामा म्हणाले. “राजा काय, सोन्या काय. मंग ह्यो झाला तवा हिनं ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठिवला. शेजारच्या दुर्गाबाईच्या सासूनं उचलला, आन् हिनं पसाभर कोंडा दिऊन तो तिच्याकडून इकत घेतला. नाव ठिवलं कडूबा. कडू चीज कुणी तोंडात घालत न्हाई, मरणबी न्हाई घालत. तवापून तिनं ह्याला चांगला शबुद दिला न्हाई. ज्याला आई मुडदा म्हणती त्याला न्यायला कोण यील?”

हे ऐकल्यावर मामींच्या शिव्या मला गोड लागायला लागल्या असं मुळीच नाही. शिवी ती शिवीच. फक्त मुडद्या म्हटलं की मी त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. त्या हा शब्द कधीच हसून म्हणत नसत. देवळात नाव घेतात तसा म्हणत.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मामींच्या पित्ताशयात खडे निघाले आणि जालन्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथं दैवशाला नावाच्या सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, ख्रिस्ती. त्यांनी सुई टोचली की मामी म्हणायच्या, “तुझ्या हाताला किडे पडोत.” सिस्टर म्हणायच्या, “बरं, माय. मूठ आवळा.” सलाईन बदललं की, “तुझं तळपट होवो.” “बरं, माय. हात सरळ ठिवा.” असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मामींना ते सहन होईना. भांडणारीला समोरून काहीच आलं नाही की तिचे फार हाल होतात.

“तुला राग येत न्हाई का गं? का बहिरी हायस?”

“येतो की. लई येतो,” सिस्टर म्हणाल्या. “सासरी मला फटाकडी म्हणायचे, माय. तोंड उघडलं की समोरचा जळालाच पायजे. मंग एक दिवस येशूला म्हणलं, हे तोंड तूच ठेव, मला सांभाळंना. तवापासून आधी त्याला इचारते, बोलू का. बहुतेक बारीला तो न्हाईच म्हणतो.”

मामी हसल्या. टाके दुखले म्हणून सिस्टरला अजून एक शिवी दिली आणि पुन्हा हसल्या. दैवशालाबाई मूळच्या आमच्याच आष्टीच्या निघाल्या. दर रविवारी त्या जालन्याहून येत आणि भावाच्या पत्र्याच्या खोलीत आठदहा माणसं प्रार्थनेला बसत. टाके सुकल्यावर मामी तिकडं जायला लागल्या. गाव बोललं, भावकी बोलली. मामा म्हणाले, “घर शांत राहणार आसंल तर जाऊ द्या तिला खुशाल.” मामा स्वतः कधी गेले नाहीत, आणि मीही नाही. मला वाटलं होतं, चार रविवारांत ओढ जाईल.

गेली नाही. उलट मामींच्या शिव्या अर्ध्यावर तुटायला लागल्या. “अगं सट...” म्हणायच्या आणि तोंड उघडं ठेवून उभ्या राहायच्या. पुढं काय म्हणायचं ते सापडायचंच नाही, कारण तीस वर्षांत दुसरं काही जमवलंच नव्हतं. कडूबा म्हणायचा, “माय, शिवी अर्धी ठेवू नको. पोटात राह्यली की परत खडे होतेत.” एकदा आमच्या शेळीनं दुर्गाबाईची कोथिंबीर खाल्ली. दुर्गाबाई पदर खोचून भांडायला आल्या, चांगल्या तयारीनं आल्या होत्या. मामी म्हणाल्या, “चुकलं बाई आमचं. आमच्या वाफ्यातली ने.” दुर्गाबाई कोथिंबीर न घेताच माघारी गेल्या आणि पुष्पी जास्त दिवस काढत नाही असं गल्लीत सांगून आल्या.

मला एक दिवस त्या आकांशा म्हणाल्या. क्ष त्यांना येत नाही. मी चुलीपाशी होते, ओ द्यायचं विसरले, कारण मला वाटलं कुणी बाहेरचं हाक मारतंय.

सगळ्यांवरच्या शिव्या गेल्या. एक राहिली. मुडद्या हा शब्द मामींना सोडवेना. दैवशालाबाईंनी विचारलं, तेव्हा मामींनी कधी नव्हे ते सगळं सांगितलं, सूप, उकिरडा, कोंडा. मी चहा घेऊन गेले होते म्हणून ऐकलं. दैवशालाबाई म्हणाल्या, “माय, तू पोराला कुणापासून लपवून राह्यलीस? देवापासून? त्यानंच दिला ना तुला? माया हाय तर मायेनं बोल. भिऊ नको.” मामी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कडूबा जेवायला बसला, आणि मामी त्याच्या ताटाकडं बघत म्हणाल्या, “बाळा, अजून भाकर घे.”

कडूबानं हातातला घास खाली ठेवला. “माय, कोण मेलं?”

आम्ही इतके हसलो की मामांना ठसका लागला. मामीही हसल्या. मग त्या आत गेल्या. मी पाठोपाठ गेले तर भिंतीला धरून उभ्या होत्या. कडूबाला मात्र त्या शब्दाचं वेडच लागलं. तीस वर्षांचा बाप्या, दुकानाला निघाला की दारात उभा राहायचा, “माय, एकदा म्हण ना.” मामी म्हणायच्या, “ये बाळा.” आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारातून हलत नसत.

असे अकरा महिने गेले. जानेवारीत परतूरहून मोटारसायकलवर येताना तो उसाच्या एका ट्रॉलीवर मागून आदळला. दिवस मावळला होता आणि ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. एवढंच मला माहीत आहे. मला चौथा महिना होता.

इथून पुढं मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. मला रडू आलं नाही. अंगण बायकांनी भरलं आणि मी उभी राहून विचार करत होते की दुधाखालचा गॅस बंद केला का नाही. आमच्याकडं बायका हेल काढून रडतात, मेलेल्याचे गुण सांगत, आणि त्या रडण्यात ज्याला जे बोलायचं ते बोलून घेतात. पूर्वी मयतीला मामींना मुद्दाम बोलवायचे. त्यांच्या हेलात कोण कसं वागलं ते सगळं निघायचं, आणि रडण्यात निघालेल्या बोलण्याला कुणी उलट उत्तर देत नाही. आता त्यांचाच मुलगा होता. अंगण गप्प झालं. पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लंस, हे आता येणार हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. मामींनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पोटाकडं. तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्या जात्याशेजारी खाली बसल्या.

त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. शिवी नाही, प्रार्थना नाही, पाणी दे एवढंही नाही. हातानं दाखवायच्या. मामा आधीच थोडं बोलणारे, तेही थांबले. मी स्वयंपाक करायचे, तिघं खायचो. मीठ राहिलं तरी कुणी सांगायचं नाही, कारण कुणाला कळायचंच नाही. कडूबाचा फोन माझ्याकडं होता. त्यावर लोकांचे फोन यायचे, मोटार भरून झाली का. मी म्हणायचे, “ते गेले.” एक जण म्हणाला, “बरं, मंग आल्यावर सांगा जल्दी लागती म्हणून.” मी म्हणाले, सांगते. फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पोट वाढत होतं. पोट वाढतंय हे मला दिसायचं, वाटायचं काहीच नाही. एकच गोष्ट होती जिची मला भीती वाटायची, आणि तेवढ्यामुळं मी जिवंत आहे हे कळायचं. बाप गेल्यावर जन्मलेल्या लेकराला आमच्याकडं एक वाक्य ठरलेलं आहे: बापाला खाऊन आलं. मामींच्या तोंडून ते एकदा निघालं की संपलं. शाळेत, लग्नात, म्हातारपणी, माझं लेकरू तेच राहणार. मी एक पिशवी भरून ठेवली. लुगड्याची दोन दुपटी, माझी कागदपत्रं, फोन. मामी ते वाक्य बोलल्या की त्याच पावली कुंभार पिंपळगावला जायचं आणि परत यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

दैवशालाबाई दर रविवारी येत. त्यांनी एकदाही उपदेश केला नाही. आमच्यासोबत तूर निवडत बसत आणि जात. चैत्रातल्या एका रविवारी मामी एकदम बोलल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आवाज घोगरा झाला होता.

“बाई, मी त्याला मुडद्या म्हणत होते तवर तो जित्ता होता.”

माझा हात सुपात थांबला. दैवशालाबाई आता देवाची मर्जी वगैरे काही म्हणाल्या असत्या तर ते सूप मी त्यांच्या डोक्यात घातलं असतं, देवाशपथ. त्यांनी हातातली तूर खाली ठेवली.

“मला कळत न्हाई, माय,” त्या म्हणाल्या. “मीच तुला सोडायला लावलं. मी रोज देवाला तेच इचारून राह्यले. मला उत्तर आलं न्हाई.” आणि त्या रडायला लागल्या, नर्स असून, पदरानं तोंड दाबून. मामींनी उठून त्यांना तांब्या दिला. पुढच्या रविवारी मामी स्वतः त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसल्या. तिथंही बोलल्या नाहीत म्हणे. पण जात राहिल्या.

दुर्गाबाई मात्र दारात येऊन सांगायच्या, “पुष्पे, आता तरी शहाणी हो. तोंड गोड केलंस आन् काय झालं बघ.” मामी ऐकून घ्यायच्या. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं, आणि म्हणून पिशवी तशीच होती.

जूनमध्ये परतूरच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. कळासुद्धा मला लांबून, दुसऱ्याच कुणाला येताहेत अशा वाटल्या. तिसऱ्या दिवशी घरी आणली. मामींनी तिला अंघोळ घातली, शेक दिला, सगळं केलं, पण तोंडातून शब्द नाही. पाचव्या दिवशी आमच्याकडं सटवाईची पूजा असते; त्या दिवशी ती येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. मामींनी पूजा मांडली नव्हती. तरी दुपारी गल्लीतल्या सातआठ बायका आल्या, आणि दुर्गाबाई आल्या त्या हातात सूप घेऊन. सुपात कोंडा होता.

दुर्गाबाई वाईट बाई नाही. मामींचे ते आधीचे दोन मुलगे तिनं आपल्या डोळ्यांनी गेलेले बघितले आहेत. बोलताना तिचे डोळे भरलेले होते. “ह्या घराला गोड बोललेलं सोसत न्हाई,” ती म्हणाली. “पोटात आसतानाच हिनं बापाला खाल्लं. अशा लेकराला माया दाखवू न्हाई. कोंडाबाई म्हणा हिला. उकिरड्यावर ठिवा, मी उचलते. पुष्पे, तू म्हण. तुझ्या तोंडचं लागतं.”

मुलगी खाटेवर रडत होती. दुर्गाबाईनं तिला उचलून सुपात ठेवलंसुद्धा. मी खाटेखाली पाय घालून पिशवी चाचपली. सगळ्या बायका मामींकडं बघत होत्या.

मामी चुलीपाशी होत्या. त्या उठल्या, हात लुगड्याला पुसले आणि आल्या. सुपाकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलायला लागले, आवाज येईना. मला वाटलं, हे आलं. मी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला.

“दुर्गे,” मामी म्हणाल्या, “हिनं कुणाला खाल्लं न्हाई. मघापासून हिनंच काही खाल्लं न्हाई. भुकेजलंय लेकरू. बाजूला सर, तिच्या मायला पाजू दे.”

त्यांनी मुलीला सुपातून उचललं, कोंडा झटकला आणि माझ्यापुढं धरलं. “आकांशा, घे बाळाला.”

“पुष्पे,” दुर्गाबाई म्हणाली, “ही गेली तर?”

“माझं तोंड मी येशूला दिऊन बसले, दुर्गे. मला बी ते माघारी पायजे होतं. लई पायजे होतं. पोरगं अंगणात ठिवलं होतं तवा हिच्यासाठी काय काय आल्तं ह्या तोंडात.” मामींनी माझ्याकडं बोट केलं. “गिळलं. अजून गिळून राह्यले. पर ह्या लेकराला मी वंगाळ बोलणार न्हाई.”

बायका एकेक करून उठल्या. दुर्गाबाई सूप तिथंच विसरून गेली. मी मुलीला घेतलं. ती दोनतीनदा चुकली, मग तिनं धरलं, आणि मला दुखलं. पाच महिन्यांत मला पहिल्यांदा काही दुखलं. मी मोठ्यानं रडायला लागले, हेल काढून, कडूबाचं नाव घेऊन, शेजारणींना ऐकू जाईल असं. मामी शेजारी बसून राहिल्या. गप्प हो म्हणाल्या नाहीत.

मुलीचं नाव पायल ठेवलं. कडूबानं फोनमध्ये लिहून ठेवलं होतं, मुलगी झाली तर. मामी तिच्याशी बोलतात. अजून शब्द शोधत बोलतात, मध्येच थांबतात. बाकी घर तसंच आहे. मला पुष्कळ गोष्टींची चव अजून लागत नाही. रविवारी दैवशालाबाई येतात, मी चहा करते, कधी त्या खोलीत मागं जाऊन बसते, कधी नाही.

परवा मी मामींना विचारलं, “मामी, आता भीती नाही वाटत?”

“वाटती की,” त्या म्हणाल्या. “बाळ म्हणलं की हातपाय गार पडतेत. रोज. आता बी पडतील.”

आणि पाळण्यापाशी गेल्या. भांडणात सगळ्या गल्लीला ऐकू जायचा त्या आवाजात म्हणाल्या, “माझी पायल गं, माझी गुणाची बाय ती.” म्हणाल्या, आणि पाळण्याची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या.